चार फुटी टँक, दहा बाय बाराची खोली आणि स्लॅब

मासे पाळणाऱ्याच्या घरी दोन प्रश्न ठरलेले असतात. पाणी कोण बदलणार, आणि टँक चार फुटांवर गेला की, स्लॅब धरेल का. पहिल्याचं उत्तर घरात सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्याचं कुणालाच नसतं, आणि मी पडलो बांधकामातला, त्यात स्वतःच्या घरी टँक, त्यामुळे ओळखीतला जो कोणी कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून ऑस्कर माशाचं पिल्लू घेऊन येतो तो काही महिन्यांनी मला फोन करतोच. तोपर्यंत ऑस्कर तळहाताएवढा झालेला असतो आणि दुकानदाराने सांगून टाकलेलं असतं की साहेब आता याला मोठा टँक घ्या.

आधीच सांगतो, मी डिझाईनवाला नाही. डिप्लोमा सिव्हिल. साइटवर उभं राहून सळया मोजून घेणं, कव्हर ब्लॉक (सळया साच्यापासून वर धरणारे छोटे ठोकळे) लागलेत का बघणं, स्लॅब भरून घेणं हे काम. त्यामुळे ड्रॉइंगवर काय असतं आणि प्रत्यक्षात काय होतं यातलं अंतर मला ऑफिसात बसणाऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसतं. फोनवर दरवेळी तुकड्यातुकड्यात सांगतो ते इथे एकदाच लिहून ठेवतोय.

आधी वजन बघू. आपल्याकडे टँक फुटांत मागतात, चार बाय दोन बाय दोन, म्हणजे १६ घनफूट, आणि एका घनफुटात साधारण २८.३ लिटर, म्हणजे ४५३ लिटर. वरची दोन इंच रिकामी सोडली तर पाणी सव्वाचारशेच्या आत. पण लोक इथेच थांबतात आणि म्हणतात साडेचारशे किलो. काचेचं काय? १२ एमएमची काच चौरस मीटरला ३० किलो भरते, या टँकला जवळजवळ तीन चौरस मीटर काच लागते, म्हणजे नव्वद किलो ही नुसती काच. मग तळाला वाळू, दगड, ड्रिफ्टवूड. दगड पाण्यात गेला की तेवढं पाणी बाहेर राहतं, त्यामुळे त्याचं पूर्ण वजन धरायचं नाही, तरी तीन इंच वाळू आणि थोडे दगड धरले की साठ-सत्तर किलो वाढतातच. स्टँड, म्हणजे लोखंडी चौकोनी पाईपचा फ्रेम आणि वर प्लाय, पन्नास-साठ किलो. एकूण ६३० च्या आसपास. खाली संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, असेल तर अजून शंभरेक. माझा अंदाजाचा हिशोब असा की टँकचे पूर्ण लिटर काढा आणि त्याला १.४ ने गुणा, फार चुकत नाही. सहा बाय दोन बाय अडीचचा टँक, जो हल्ली अरोवाना माशासाठी सगळ्यांना हवा असतो, तो साडेआठशे लिटरचा, म्हणजे बाराशे किलो. जवळजवळ सव्वा टन! दुकानात उभं राहून बघताना हे अजिबात जाणवत नाही कारण तिथे टँक रिकामा असतो, आणि दुकान तळमजल्यावर असतं.

आता घाबरवणारा हिशोब. आपल्याकडे घराच्या खोल्यांसाठी स्लॅब डिझाईन करताना माणसं, फर्निचर वगैरे येणारंजाणारं वजन आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरतात, म्हणजे सरळ भाषेत २०० किलो. आता चार बाय दोनचा टँक उभा राहतो आठ चौरस फुटांवर, म्हणजे पाऊण चौरस मीटरला किंचित कमी. ६३० भागिले ०.७४. आलं साडेआठशे. दोनशेच्या जागी साडेआठशे, चौपट! इंटरनेटवर हा भागाकार वाचून एकाने मला रात्री अकरा वाजता फोन केला होता की टँक रिकामा करतोय, बादल्या कमी पडतायत.

बाबा थांब. तो २०० चा आकडा म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर मारलेली लक्ष्मणरेषा नाही. तो पूर्ण खोलीभर पसरलेलं वजन म्हणून धरलेला असतो. दहा बाय बाराची खोली ११ चौरस मीटरच्या थोडी वर, म्हणजे ही खोली कागदावर सव्वादोन टन येणाऱ्याजाणाऱ्या वजनासाठी बनवलेली आहे. त्यातले तुमच्या टँकने सहाशे-साडेसहाशे खाल्ले, म्हणजे पावभरापेक्षा थोडे जास्त. उरलेल्यात सोफा, टीव्ही युनिट आणि माणसं. टँक आहे तिथे स्लॅबवर जास्त भार आहे हे खरं, पण स्लॅब एकसंध असतो, शेजारच्या मोकळ्या भागाची ताकद त्याला मदतीला येते, सळया दोन्ही दिशांनी गेलेल्या असतात आणि भार चारी बाजूंच्या बीमकडे वाटला जातो. शिवाय डिझाईन करताना या वजनाला दीडने गुणून मगच सळया काढतात, काँक्रीट आणि स्टीलच्या ताकदीतूनही थोडी कापून ठेवतात. पण हे मार्जिन टँकसाठी ठेवलेलं नाही हां. ते कंत्राटदारासाठी ठेवलेलं आहे, म्हणजे आमच्यासारख्यांसाठी, पाणी जास्त टाकलेल्या काँक्रीटसाठी, व्हायब्रेटर नीट न फिरवलेल्या कोपऱ्यासाठी आणि पुढे लागणाऱ्या गंजासाठी. त्याच्या भरवशावर मासे पाळायचे नाहीत.

गणपतीत आरतीच्या वेळी याच दहा बाय बाराच्या खोलीत तीस माणसं उभी असतात की नाही? सरासरी ६५ किलोने धरा, दोन टनांच्या जवळ गेलं. कुणी म्हणतं का, अरे स्लॅब? नाही. टाळ्या वाजवत, घालीन लोटांगण करत गरागरा फिरतात वर.

आणि याहून भारी गोष्ट म्हणजे टाईलवर टाईल. जुन्या फ्लॅटचं रिनोव्हेशन करताना जुनी लादी फोडायचा खर्च, आवाज आणि डेब्रिस नको म्हणून वरच नवीन मसाला टाकून व्हिट्रिफाईड बसवतात. मसाला आणि टाईल मिळून दोन इंच धरले तर चौरस मीटरला शंभर किलो वाढले, तेही खोलीभर, कायमचे. त्या दहा बाय बाराच्या खोलीत ११०० किलोच्या वर! म्हणजे चार फुटी टँकच्या जवळजवळ पावणेदोन पट वजन त्या माणसाने आधीच घालून ठेवलंय आणि मला विचारतो टँक ठेवू का. तसंच विटांच्या भिंतीचं. दहा फूट लांब, नऊ फूट उंच, साडेचार इंची विटांची दोन्हीकडून प्लॅस्टर केलेली भिंत दोन टनांच्या वर जाते, आणि लोक किचन मोठं करायला ती पाच फूट सरकवतात, खाली बीम आहे का कोण बघतंय. म्हणून माझ्याकडे कुणी टँकचं विचारलं की मी आधी विचारतो फ्लॅटमध्ये काय काय काम केलंय. टँक बिचारा शेवटी येतो आणि नाव त्याचं होतं.

आरतीचं उदाहरण देऊन मी निघून जाऊ शकत नाही, कारण त्यात एक गोम आहे. माणसं अर्ध्या तासात प्रसाद घेऊन घरी जातात. टँक जात नाही. तो दिवसरात्र, पाच वर्षं, दहा वर्षं तिथेच. काँक्रीटवर सतत वजन राहिलं की ते वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातं, क्रीप म्हणतात त्याला. डोळ्यांना दिसत नाही. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या मानकात हे सगळं धरून शेवटचं वाकणं किती चालेल याची मर्यादा स्पॅनच्या २५० व्या भागाएवढी आहे, म्हणजे दहा फुटी स्लॅबला १२ मिलिमीटर. एवढं वाकून स्लॅब पडत नाही, पण वरची टाईल सुटू शकते, खालच्याच्या सीलिंगला केसासारखी चीर येऊ शकते, आणि टँकची पाण्याची रेषा एका बाजूला खाली दिसायला लागते. लाकडात हा प्रकार अजून जास्त होतो. त्यावर येतोच.

मला या सगळ्यात लिटरपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न म्हणजे टँक कुठे उभा आहे. खोलीच्या मधोमध, पार्टिशनसारखा, हॉल आणि डायनिंगच्या मध्ये ठेवायची फॅशन आहे, इंटिरियरवाले थ्रीडी व्ह्यूमध्ये तसंच दाखवतात आणि दिसतं पण छान. पण तिथे स्लॅबच्या पोटावर सगळ्यात जास्त ताण येतो. साधा हिशोब, एकाच जागी मध्यावर ठेवलेलं वजन हे तेवढंच वजन पसरून ठेवल्याच्या दुप्पट वाकवतं. तोच टँक त्याच खोलीत बीमवाल्या भिंतीला लावून, मागे पाईपसाठी चार-पाच इंच सोडून, लांब बाजू भिंतीला धरून ठेवला तर वाकवणारा ताण मधल्यापेक्षा निम्म्याहून कमी होतो, कारण बरंचसं वजन सरळ बीमवर उतरतं. कोपरा मिळाला, म्हणजे जवळ कॉलम आला, तर अजून उत्तम. वास्तूवाले टँक ईशान्येच्या कोपऱ्यात ठेवा म्हणतात, आणि कोपरा म्हटलं की बहुतेक वेळा कॉलम असतो, त्यामुळे वास्तूवाला आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंट यांचं एकमत व्हायची ही दुर्मिळ संधी आहे, सोडू नका.

पण भिंत दिसली म्हणजे खाली बीम आहे असं धरू नका हे दहादा सांगतो. जुन्या बिल्डिंगांत बहुतेक भिंतीखाली बीम असायचा. नव्या टॉवरांत आतल्या पार्टिशन भिंती हलक्या ब्लॉकच्या, चार इंची, सरळ स्लॅबवरच उभ्या असतात, खाली काही नाही. आणि बीम शोधायचा तर वर बघून उपयोग नाही, तो तुमच्या वरच्याचा बीम. साधारण सगळे मजले सारखे असतात म्हणून अंदाज येतो, पण खात्री करायची तर खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताकडे बघायला लागतं. तिथे पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर झालं कल्याण. मग सोसायटीकडे स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागायचं, जे कायद्याने असायला हवं आणि सेक्रेटरी सांगतात की आधीच्या कमिटीने दिलंच नाही.

बाल्कनीत ठेवू का, असं विचारणारे पण असतात, तिथे उजेड छान येतो म्हणून. मी सरळ नाही म्हणतो. त्याच आयएस ८७५ मध्ये बाल्कनीसाठी वजन खोलीपेक्षा जास्त धरलेलं आहे, चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, हे वाचून काही हुशार लोक मलाच समजावतात की मग बाल्कनी जास्त मजबूत ना. अहो, बाल्कनी बहुतेक वेळा एकाच बाजूने धरलेली असते, बाकी हवेत. तिचं मुख्य स्टील स्लॅबच्या वरच्या अंगाला असतं. आणि साइटवर काय होतं ते मी बघितलंय, काँक्रीट टाकताना माणसं घमेली घेऊन त्याच सळयांवरून ये-जा करतात, खाली चेअर (सळया उचलून धरणारे आधार) नीट लावल्या नसल्या की वरचं स्टील पायाखाली दबून इंच-दीड इंच खाली जातं, आणि पाच इंची स्लॅबमध्ये इंच-दीड इंच खाली गेलं म्हणजे त्या बाल्कनीची बरीच ताकद तिथेच गेली. वरून काहीही कळत नाही. त्यात लोक ग्रिल लावतात, कुंड्या ठेवतात, बाल्कनी हॉलमध्ये घेऊन लादी चढवतात. एखादी गप्पींची छोटी टाकी ठेवा, दोन बाय एक बाय एक, सगळं धरून ऐंशी किलो, तीही भिंतीकडे. त्याच्या वर नाही. आणि तसंही उन्हात टँक म्हणजे शेवाळाची शेती.

आता बिल्डिंगची तब्येत. आतापर्यंतचं सगळं गणित धडधाकट स्लॅबचं होतं. पाच इंची स्लॅबचं स्वतःचंच वजन चौरस मीटरला तीनशेच्या वर, त्या दहा बाय बारात साडेतीन टन, आणि हे सगळं पेलतात त्या आत अर्ध्या-पाऊण इंच काँक्रीटच्या कव्हरखाली बसलेल्या सळया. मुंबई-ठाणे पट्ट्यात हवा खारी. जुन्या कामांत खाडीची रेती नीट न धुता वापरलेली. २००० च्या आधी आरसीसीला, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटला, एम १५ हा कमी ताकदीचा ग्रेडही चालायचा, आता एम २० च्या खाली चालत नाही. त्यावर वरच्याच्या बाथरूमचं लिकेज वर्षानुवर्षं. सळईला गंज लागला की ती फुगते, फुगली की खालचं काँक्रीट सोडते, आधी लांब सरळ चीर, मग तपकिरी डाग, मग एक दिवस पोपडा पडतो आणि गज दिसतो. असं झालेल्या स्लॅबला कागदावरचा २०० चा आकडा लागू नाही, कितीचा लागू आहे ते तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, मी तर नाहीच नाही. प्लॅस्टर मारून, रंग देऊन ते झाकलेलं असलं तर हातोडीच्या दांड्याने हलके ठोकून बघतात, बद्द आवाज आला की आत सुटलेलं आहे. आणि लक्षात घ्या, तुमचा टँक ज्या स्लॅबवर आहे त्याचं पोट तुम्हाला दिसतच नाही, ते खालच्यांच्या घरात आहे. तुमच्याकडे इटालियन मार्बल आणि खाली त्यांच्याकडे गज लोंबतायत असंही असू शकतं.

महाराष्ट्रात ३० वर्षांच्या वरच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायला लागतं. तो रिपोर्ट सोसायटीच्या कपाटात असतो, कोणी वाचत नाही, सर्वसाधारण सभेत फक्त रिपेअरचा खर्च वाचून भांडण होतं. मोठा टँक घ्यायचा विचार असेल तर आधी तो रिपोर्ट मागून आपल्या फ्लॅटखालच्या स्लॅबबद्दल काय लिहिलंय ते वाचा. तिथे दुरुस्ती सुचवलेली असेल तर विषय संपला, आधी दुरुस्ती.

ठाणे-डोंबिवलीला जुन्या तीनचार मजली लोडबेअरिंग बिल्डिंगा अजून आहेत, कॉलमच नाहीत, नऊ इंची किंवा त्याहून जाड विटांच्या भिंतींवर स्लॅब टेकलेला. तिथे भिंतीला लागून टँक ठेवणं वाईट नाही, फक्त ती भिंत मधल्या काळात कोणी तोडली नाही ना ते बघा, आपल्या मजल्यावर पण आणि खाली पण. खालच्या दुकानदाराने शोरूम मोठं करायला भिंत काढली असेल तर टँक सोडा, फ्लॅटचंच बघा.

आणि गिरगाव, लालबाग, परळच्या चाळी, पुण्यात पेठांमधले वाडे. यांची तऱ्हाच वेगळी. लाकडी तुळया, त्यावर कड्या म्हणजे आडवे वासे, त्यावर फळ्या, वर कोबा आणि लादी. सागवान अप्रतिम असतं, शंभर वर्षं टिकतं, मान्य. पण कडीचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे ओल मुरते आणि ती आधी तिथेच कुजते, मधून ठोकली तर खणखणीत, टोकाला पीठ. वाळवी पण आतून खाते, बाहेरून पॉलिश शाबूत. मुंबईत १९४० च्या आधीच्या उपकरप्राप्त (सेस भरणाऱ्या) इमारती कितीतरी आहेत आणि दर पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते ती उगाच नाही. (वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी त्याच जमान्यातल्या, पण त्या १९२० च्या दशकातल्या काँक्रीटच्या, त्यांचं दुखणं लाकडाचं नव्हे, गंजाचं.) लाकडी पाटणीवर मी दोन फुटीच्या वर टँक ठेवू देणार नाही. आणि ठेवायचाच तर कड्या ज्या दिशेने जातात त्याला आडवा, म्हणजे चार-पाच कड्यांवर वजन वाटलं जाईल, एकाच कडीच्या डोक्यावर बसणार नाही.

हा आडवा ठेवायचा सल्ला तुम्ही यूट्यूबवर ऐकला असेल, तो मूळचा अमेरिकेचा. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याच्या घरात पण टँक आहे आणि आमची यावर चर्चा चालू असते. त्यांची घरं लाकडी सांगाड्याची, १६ इंचांवर एक एक जॉइस्ट, म्हणजे आपली कडी, वर प्लायवूडची शीट. गंमत म्हणजे त्यांचा आकडा चौरस फुटाला ४० पौंड, तो आपल्यात बदलून बघा, चौरस मीटरला १९५ किलो. म्हणजे जवळजवळ आपलेच २००! आकडा तोच, पण जमीन वेगळी. आपला स्लॅब स्वतःच एवढा जड असतो की सहाशे किलोने त्याला फारसा धक्का लागत नाही, त्यांचं फ्लोअर हलकं असतं त्यामुळे तेच सहाशे किलो तिथे मोठा पाहुणा. मुलं धावली की टँकचं पाणी डुचमळतं म्हणे. त्याने बेसमेंटमध्ये टँकच्या बरोबर खाली लोखंडी जॅक पोस्ट लावलेत, छताला टेकू देऊन. आपण खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये टेकू लावू शकत नाही, त्यामुळे अमेरिकन व्हिडिओ बघून घाबरू पण नका आणि तसेच्या तसे उपाय पण करू नका.

तळमजला असेल तर चिंता नाही असं लोक म्हणतात. बरोबर आहे, अर्धं. जुन्या घरात तळमजल्याला स्लॅबच नसतो, खाली मुरुमाचा भराव, त्यावर दगडांचं सोलिंग, पीसीसी म्हणजे सळई नसलेलं काँक्रीट, आणि लादी. भराव नीट कुटलेला असेल तर सहा फुटी टँक सुद्धा आरामात. पण भराव कुटायचं काम नेहमी घाईत होतं, पाणी मारून थर देत कुटायचं ते एकदम ट्रक रिकामा करून वर रोलर फिरवल्यासारखं करतात. मग लादी बसते. बसली की टँक एका कोपऱ्याने खाली जातो आणि काचेला पीळ पडतो. आणि टॉवरमध्ये तुमचा जो पहिला मजला तो पोडियमवर, खाली पार्किंग, म्हणजे तो स्लॅबच झाला.

व्यवहारात स्लॅब पडल्याचं मी टँकमुळे बघितलेलं नाही, टाईल फुटलेली मात्र भरपूर बघितली. स्टँडला चार किंवा सहा पाय, सहाशे किलो भागिले सहा म्हणजे एका पायाखाली शंभर किलो, दीड इंची चौकोनी पायावर. काँक्रीटला ते काहीच नाही, पण दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाईड टाईलखाली मसाला सगळीकडे पोहोचलेला नसतो, कारागीर चार कोपऱ्यांना गोळे लावून मोकळा होतो, मध्ये पोकळ. पाय त्या पोकळीवर आला की टाईलला तारा पडतो. म्हणून स्टँड ठेवायच्या आधी टाईल नाण्याने ठोकत जा, आणि स्टँडला खालून पण पूर्ण चौकट घ्या किंवा पायांखाली जाड मरीन प्लायची पट्टी टाका, वजन पसरतं. वर टँक आणि प्लायच्या मध्ये थर्माकोल किंवा फोम पाहिजेच, काचेखाली वाळूचा एक खडा राहिला तरी काच तडकायला पुरतो. स्पिरिट लेव्हल लावा. मग टँक आधी अर्धाच भरा, रात्रभर ठेवा, पाण्याची रेषा चारी कोपऱ्यांना पट्टीने मोजा, मग पुढचा अर्धा. मासे त्यानंतर, घाई नको, तसंही सायकलिंगला, म्हणजे पाण्यात उपयोगी जिवाणू तयार व्हायला, वेळ द्यायचाच असतो.

मग माझा निकाल काय? धडधाकट आरसीसी बिल्डिंग, आधी टाईलवर टाईल चढवलेली नाही, भिंत सरकवलेली नाही, खाली बीम आहे, तर चार बाय दोन बाय दोन भिंतीला लावून खुशाल ठेवा, माझ्या घरी तसाच आहे. पाच फुटाला मी बीम डोळ्यांनी बघितल्याशिवाय हो म्हणत नाही. सहा फुटाला इंजिनिअरला पैसे देऊन घरी बोलवा, ड्रॉइंग दाखवा, आणि त्याच्याकडून लेखी घ्या. अरोवाना, स्टँड आणि लाइट यांवर जेवढा खर्च होतो त्यापुढे त्याची फी काहीच नसते, पण लोकांना मासा दिसतो, बीम दिसत नाही.

बाकी खरं भांडण होतं ते पाण्यावरून. सिलिकॉन सुटलं किंवा संपचा पाईप निसटला आणि साडेचारशे लिटर खोलीत पसरले तर दहा बाय बारात चार सेंटिमीटर पाणी उभं राहतं, दाराच्या फटीतून बाहेर, टाईलच्या जॉइंटमधून खाली, आणि खालच्यांच्या नव्याकोऱ्या पीओपीतून थेट त्यांच्या टीव्हीवर. हॉलला बाथरूमसारखं वॉटरप्रूफिंग नसतं. म्हणून टँक भरायच्या आधी खालच्यांना चहाला बोलवा, टँक कुठे ठेवताय ते दाखवा, आणि परवानगी घेऊन त्यांच्या छताचे चार फोटो काढून ठेवा तारखेसकट, कारण त्यांच्या सीलिंगला पाच वर्षांपासून असलेली चीर टँक आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या नावावर होते.